वर्षा, एवढं वाचू नकोस

डहाणू रोड
७ ऑक्टोबर २०१८

बा,

शाळेत पत्राच्या सुरुवातीला 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. तुला तीर्थरूप म्हटलं तर तूच विचारशील, हा कोण पाहुणा आला? म्हणून नुसतं बा.

धाकटा लाहू शेडवरून पडला त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तू मला म्हणालास, "नविन, तुझा आवाज मला परत ऐकायचा नाही." त्याला वीस महिने होऊन गेले. मी फोन केला नाही, पाड्यावर पाय ठेवला नाही. पण पत्राला कुठे आवाज असतो? हे वर्षा तुला वाचून दाखवते आहे, म्हणजे आवाज तिचा. तुझा शब्द मी मोडलेला नाही. तुझाच पोर आहे, वाट काढतोच.

आता ऐक. अच्छाडच्या पुढे एका कारखान्याच्या शेडला रंग द्यायचं काम मला मिळालं आहे. मालक म्हणाला, बांबूची परांची माझ्या आवारात चालणार नाही, लिफ्ट आणा. म्हटलं, आणतो! मला तेव्हा लिफ्ट म्हणजे दवाखान्यातली तेवढी माहीत. वापीच्या जिग्नेशभाईकडून भाड्याने आणली. बा, काय चीज आहे ती! चार चाकांची गाडी, तिच्यावर लोखंडी हात, आणि त्या हाताला कोपर. कोपरात वाकतो, पाइपांना वळसा घालतो आणि वर जातो. टोकाला पिंजरा, त्यात दोन माणसं आरामात उभी. आपली पोरं तिला बगळा म्हणतात. पहिल्या दिवशी मी पन्नास फुटांवर गेलो. तुझा उंचात उंच ताड खाली राहिला, राग मानू नकोस. हातात ब्रश होता आणि पाय थरथरत नव्हते. मी तिथून ओरडलो, खाली कोणाला काही कळलं नाही, पण मला फार बरं वाटलं.

भाडं ऐकून तुझी सून कविता म्हणाली, "यापेक्षा हत्ती पाळा, निदान लग्नात मिरवता येईल." खरं आहे तिचं. अर्धा नफा भाड्यात जातो. जिग्नेशभाई तीच मशीन विकायला काढतोय. "नविनभाई, लेवी होय तो बोलो, बीजा बे जण लाइनमां छे." त्याच्या लाइनीत नेहमीच दोघं असतात, ते सोड. पण मी बोललो, घेणार. तलासरी तालुक्यात अशी मशीन स्वतःची असलेला मी पहिला असेन. दहा वर्षं जुनी आहे, परदेशातून आलेली आहे, दोन जागी रंग उडाला आहे. रंगाची काळजी तू करू नकोस, रंगारीच आहे मी.

आणि एक सांगायचं आहे. पिंजऱ्यात खाली एक पायाचं बटण असतं. ते दाबून धरलं तरच हात हलतो, पाय काढला की जागच्या जागी थांबतो. एकच पाय लागतो, बा. लाहूचा उजवा पाय ठणठणीत आहे. मी त्याला ऑपरेटर करणार आहे. तू ओरडशील. ओरड, पण आधी पूर्ण ऐकून घे. शिडी चढायची नाही, पत्र्यावर पाय ठेवायचा नाही, पिंजऱ्यात पट्टा लावून उभं राहायचं. दिवसभर अंगणात बसून तो टोपल्या विणतो असं कळलं. टोपल्या चांगल्याच असतील. पण तो लाहू आहे.

तुझा,
नविन

वर्षा, एवढं वाचू नकोस. बाला सांग, पत्र संपलं. बोईसरच्या फायनान्सवाल्यांना जामीन हवा आहे, पगाराची स्लिप असलेला. आपल्या घरात पर्मनंट नोकरीवाली तूच एक. सही करशील का? हप्ता मी भरीन, आईची शपथ. उत्तर आश्रमशाळेतूनच पाठव, वाट बघतो. बाला यातलं काही कळू देऊ नकोस.

*

आश्रमशाळा
२१ ऑक्टोबर २०१८

दादा,

पत्र वाचून दाखवलं. बाने ऐकलं, विडी विझवली आणि शेळ्या बांधायला गेला. लाहूने मात्र बटणाबद्दल तीनदा विचारलं.

सही करते. पण जामीन राहायचं म्हणजे तुझ्या शब्दाला जामीन राहायचं ना? मग एक सांग. लाहूचा दोर तुटला असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी तो दोर नंतर टेम्पोत पाहिला होता. गुंडाळून ठेवलेला, अख्खा. लाहूला विचारलं की तो म्हणतो, मला आठवत नाही. त्याला सगळं आठवतं.

खरं लिहून पाठव. मग मी अर्धी सुट्टी टाकून बोईसरला येते.

वर्षा

*

डहाणू रोड
२८ ऑक्टोबर २०१८

बा,

कर्ज मिळवणं म्हणजे काय असतं ते आज तुला सांगतो. तू ताडावर चढतोस तेव्हा ताड तरी जागेवर उभा असतो.

पहिल्यांदा बँकेत गेलो. साहेब म्हणाले, गाडीला नंबर कुठे आहे? म्हटलं, साहेब, ही रस्त्यावर पळणारी गाडी नाही, हिला आरटीओचा नंबर नसतो. तर म्हणे, नंबर नाही, आरसी बुक नाही, मग उद्या हप्ता चुकला तर आम्ही धरायचं काय? म्हटलं, मला धरा. हसले आणि चहा पाजून वाटेला लावलं. दुसरीकडे सांगितलं, आम्ही नवी मशीन देतो, जुनीला देत नाही. नवीची किंमत ऐकून मी चहासुद्धा घेतला नाही.

मग बोईसरची फायनान्स कंपनी. तिथला साहेब चष्म्यातून बघत म्हणाला, जमीन आहे का नावावर? मी आपला सात-बारा पुढे केला. त्याने वाचला आणि हळूच परत सरकवला. "आदिवासी जमीन. ही आम्हाला गहाण घेता येत नाही." मला राग यायला हवा होता. पण बा, मला तुझी आठवण आली. तू म्हणायचास, आपली एकच गोष्ट अशी आहे की तिच्यावर कोणाला बोट ठेवता येत नाही. त्याच्या टेबलावर ते मला दिसलं. सात-बारा घडी करून खिशात ठेवला आणि म्हटलं, ठीक आहे साहेब, जमीन राहू द्या. धंदा बघा.

आणि मांडला धंदा! तीन वर्षांचे रिटर्न, जीएसटीचे कागद, कारखान्याची वर्षभराची वर्क ऑर्डर, अकरा माणसांच्या हजेऱ्या. बहुतेक सगळी माणसं आपल्या पाड्याची. साहेब एकेक कागद उलटत गेला आणि त्याचा आवाज बदलत गेला. आधी 'तुम लोग' म्हणत होता, शेवटी 'नविनभाऊ' म्हणाला. विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, भगत आहेत. चाळीस ताडांचे मालक आहेत आणि कोणाचं एका पैशाचंही देणं लागत नाहीत. छाती फुगवून सांगितलं.

किमतीच्या तिसऱ्या हिश्शाचे पैसे माझे, बाकीचे त्यांचे, तीन वर्षांत फेडायचे. माझ्या हिश्शासाठी टेम्पो विकला. आता सामान रिक्षाने नेतो आणि ऐटीत नेतो. त्यांचा व्हॅल्युअर, म्हणजे मशीन तपासून किंमत ठरवणारा माणूस, येऊन पाहून गेला. मोटारसायकलवरून उतरला, पाटीचा फोटो काढला, तास दाखवणाऱ्या मीटरचा फोटो काढला, साडेचार हजार घेतले, गेला. मशीन उत्तम आहे असा कागद आला आहे.

नविन

वर्षा, इथून वाचू नकोस. अजिबात नाही.

दोर तुटला नव्हता.

तो जानेवारीचा शेवटचा शनिवार. सिमेंटचे पत्रे बदलत होतो. चार वाजता कंपनीचा माणूस काम बघायला येणार होता आणि एक ओळ राहिली होती. लाहू दोर बांधून काम करत होता. प्रत्येक पत्र्याला दोर सोडायचा, पुढे सरकायचा, परत बांधायचा. नीट करत होता, मीच शिकवलं होतं तसं. मी खालून घड्याळ बघत होतो. मी ओरडलो, "सोड ना तो दोर! लहान्याचा पोर ना तू? बा कधी ताडावर दोर बांधतो का?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. दोर सोडला. दोन पत्रे पुढे गेला आणि तिसरा पायाखाली फुटला.

दवाखान्यात त्याने शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय म्हटलं माहीत आहे? "दादा, दोर तुटला म्हणून सांग." मी तेच सांगितलं. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान पोराने मला वाचवलं आणि मी वाचलो. लाज वाटते म्हणून लिहीत नाही, लाज तर रोज वाटते. तू विचारलंस म्हणून लिहिलं. आता सही करायची की नाही, तू ठरव. नाही केलीस तरी मी काही बोलणार नाही.

*

अच्छाड
१६ डिसेंबर २०१८

बा,

मशीन आली! ट्रेलरवरून आली, वापीहून. चेकपोस्टपाशी ट्रकवाले जेवण टाकून ढाब्याच्या बाहेर आले. मी ट्रेलरच्या पुढे चालत होतो. एकाने विचारलं, किसकी है? म्हटलं, मेरी. मग स्वतःलाच ऐकू यावं म्हणून परत म्हटलं, मेरी है. कविताने नारळ फोडला आणि डोळे पुसले, आणि मला म्हणाली, धूळ गेली.

बाजूला तुझं नाव घातलं आहे, मीच रंगवलं, पिवळ्यावर काळं: 'लहान्या रूफिंग अँड पेंटिंग वर्क्स.' तुला विचारलं नाही. विचारायला आवाज लागतो.

पण आता गंमत ऐक. गंमत कसली, डोक्याला ताप! मशीन आठ दिवस उभी आहे आणि एक माणूस तिच्यात चढत नाही. भाड्याची होती तेव्हा उड्या मारून चढायचे. चैत्या सगळ्यांच्या वतीने बोलायला आला. म्हणाला, "ती परक्याची होती, तिचं तो बघेल. ही आपली आहे. नवीन भाताचा दाणा, रानातली पहिली भाजी आपण देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाही. हिच्यात भगताने हात लावल्याशिवाय कसं चढायचं? त्यात भूकंपाने जमीन रोज हादरते आहे." मी म्हटलं, अरे, ही नवीन कुठे आहे, दहा वर्षांची म्हातारी आहे! तर म्हणे, आपल्याला नवीन आहे ना?

खरं सांगतो, मला मनातून त्याचा राग आला नाही. मी चिडलो, पण राग आला नाही.

म्हटलं, दुसऱ्या पाड्याचा भगत आणतो. चैत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "लहान्या जिवंत असताना?" एवढंच म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

पहिला हप्ता दहा जानेवारीला आहे. तो भरीन, तेवढे बाजूला ठेवलेत. पण कारखान्याने सांगितलं आहे, वीस जानेवारीपर्यंत काम सुरू झालं नाही तर दुसऱ्याला देऊ. वर्क ऑर्डर गेली की दुसरा हप्ता नाही, मशीन नाही, आणि हप्ता ज्यांच्या गळ्यात पडेल ते लोक वेगळेच. अकरा घरांचं काम जाईल. लाहूचं सुरू व्हायच्या आधीच जाईल.

मी तुला बोलवत नाही. दवाखान्याच्या दारातलं माझ्या लक्षात आहे. फक्त कळवतो की मशीन चेकपोस्टच्या अलीकडे, चहाच्या टपरीच्या मागे मोकळ्या जागेत उभी आहे. तलासरीहून जीप सरळ तिथेच सोडते. असंच कळवतो.

हादऱ्यांत घराची मागची भिंत कशी आहे? तिला बांबूचा टेकू दे. नाहीतर मी चार पाइप पाठवतो, पाइप घ्यायला आवाज लागत नाही.

नविन

वर्षा, एवढं वाचू नकोस. तू सही केलीस, बोईसरला माझ्या शेजारी बसून. येताना शेंगा घेऊन दिल्यास, मी लहान असल्यासारख्या. तो साहेब म्हणाला, बहीण जामीन राहते असं आमच्याकडे फार बघायला मिळत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. नंतर संडासात जाऊन रडलो.

*

अच्छाड
२० जानेवारी २०१९

बा,

परवा तू आलास त्याबद्दल लिहितो. तू विचारशील, मी तिथे होतो, मला काय सांगतोस? पण मला सांगायचं आहे. पुढे कधी लाहूची पोरं मोठी झाली तर त्यांना वाचता यावं.

जीपमधून आधी कोंबडा उतरला, मग तू, मग काठी टेकत लाहू, मग वर्षा. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ मशीनकडे गेलास. नाव वाचता येत नाही तुला, पण वर्षाने कानात सांगितलं असणार, कारण अक्षरांवरून एकदा हात फिरवलास. मग शेंदूर काढलास आणि कामाला लागलास. चारही चाकांना. इंजिनाला. हात जिथे जिथे वाकतो त्या प्रत्येक जोडाला, एकेक करून, तांदूळ टाकत, पुटपुटत. पोरं टोप्या काढून उभी होती. ढाब्याचा सरदारजीसुद्धा येऊन हात जोडून उभा राहिला.

कोपरापाशी तू थांबलास. बोट परत लावलंस. मग मागे वळून ते बोट माझ्यासमोर धरलंस. शेंदूर ओला झाला होता. तेल!

कोपराच्या सिलिंडरचं सील गळत होतं, बा. साडेचार हजार घेणाऱ्याने जे पाहिलं नाही ते तुझ्या बोटाने पाहिलं. पाटीचा फोटो काढून मशीन उत्तम झाली होती. मी जिग्नेशभाईला असा फोन केला की टपरीवाल्याने चहाचा गॅस बंद केला. त्याचा मेकॅनिक दोन तासांत वापीहून आला, बघितलं आणि म्हणाला, "अजून थोडे दिवस चालली असती, पण मग वरचा हात आपोआप खाली बसायला लागला असता. कोणी पकडलं हे?" मी म्हटलं, आमच्या व्हॅल्युअरने. तू झाडाखाली बसून होतास, सील बदलेपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मेकॅनिक तुझ्या पाया पडून गेला. मी तसा कोणाच्याही कौतुकाने फुगणारा माणूस आहे, पण त्या दिवशी फुगलो तो तुझ्यामुळे.

मग लाहू पिंजऱ्याकडे निघाला. तू काठी आडवी धरलीस त्याच्यापुढे. मला वाटलं, संपलं, आता कोंबडा घेऊन परत जाणार. पण तू स्वतःच पिंजऱ्यात चढलास. मी तुझ्या शेजारी येऊन उभा राहिलो. दोन वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळ. ताडीचा आणि शेंदराचा वास येत होता तुला. मी पट्टा हातात घेतला होता, पण तुला पट्टा कसा घालायचा? चाळीस ताड बिनदोराचे चढलेला माणूस. आम्हाला लहानपणी तूच सांगायचास, दोर बांधतो तो घाबरतो. मी पट्टा माझ्या पाठीमागे लपवत होतो, खरं सांगतो.

तू दोन्ही हात वर केलेस, लहान पोर झबलं घालायला करतं तसे. आणि म्हणालास,

"बांध."

सगळ्यांनी ऐकलं. मी बांधायला लागलो आणि बक्कल उलटंच अडकवलं. अकरा माणसांना रोज पट्टे बांधतो मी, डोळे मिटून. तुझा बांधायला किती वेळ लागला ते चैत्या अजून सगळ्यांना करून दाखवतो.

मग तू हळू बोललास, फक्त मला ऐकू येईल एवढंच. "त्याला जे ओरडलास ते माझंच शिकवलेलं होतं. तुझं एकट्याचं नाही ते."

तेव्हा मला कळलं की वर्षाने सगळं वाचलं होतं.

मी तिला नंतर धरलंच. ती म्हणाली, "पहिल्याच पत्राला बा म्हणाला, पान संपलं नाही अजून, तुझे डोळे खाली पळताहेत, वाच. मी काय करणार?" म्हणजे आईची शपथ, शेंगा, संडास, सगळं! आणि दोराचं पण. मी एवढं जपून लिहीत होतो आणि तू विडी ओढत सगळं ऐकत होतास. लाहू शेजारी बसून ऐकत होता. त्याने तर म्हणे दोराचं दोनदा वाचायला लावलं आणि मग तुला म्हणाला, "बा, आता जा."

आपण वर गेलो. पन्नास फूट. तुला देवीचा डोंगर दिसला, तू हात जोडलेस. मग खाली आपल्या माणसांकडे बघितलंस आणि म्हणालास, "ताडी काढायला चालेल का रे ही?" मी म्हटलं, बा, हप्ता फिटू दे आधी! तू हसलास. मी बटणावरचा पाय काढला, म्हणजे अजून थोडा वेळ वर राहता येईल.

खाली आल्यावर तू लाहूच्या कमरेचा पट्टा स्वतः ओढून बघितलास, दोनदा, आणि काठी त्याच्या हातातून काढून घेतलीस. तो वर गेला तेव्हा मी वर बघितलं नाही. तुझ्याकडे बघत होतो. तू बघत होतास, म्हणजे सगळं ठीक होतं.

आज कामाचा दुसरा दिवस. लाहू शेडच्या चौथ्या खांबापाशी आहे, मला इथून दिसतो. खालून मी ओरडायचो तसा आता तो वरून मला शिव्या देतो, रंगाचा डबा लवकर भरून पाठवत नाही म्हणून. दुसऱ्या हप्त्याची काळजी नाही. चैत्या म्हणतो, पट्ट्याशिवाय आता कोणी चढणार नाही, लहान्याने बांधून घेतला म्हटल्यावर आपण कोण?

वर्षा, या वेळी एक अक्षरही वाचू नकोस. पत्र तसंच घडी घालून बाच्या उशाला ठेव. रविवारी मी पाड्यावर येतो आहे. बाला मीच वाचून दाखवीन.

नविन